अंथरुणावरचा गुरू आणि अंध शिष्य

अंध कलावंतावर चित्रपट काढावयाचा म्हटला की त्याचा साचा ठरलेला असतो. आरंभी मूल हसतखेळत असते. मग त्याची दृष्टी जाते. आईच्या डोळ्यांत पाणी येते, बाप खिडकीबाहेर पाहत उभा राहतो. त्यानंतर कष्ट, उपेक्षा, उपासमार. आणि अखेरीस भरलेले सभागृह, टाळ्यांचा कडकडाट आणि पुन्हा आईच्या डोळ्यांत पाणी. प्रेक्षक रुमाल काढतो, हळहळतो, धन्य धन्य म्हणतो आणि घरी जाऊन सारे विसरतो. अशा चित्रपटांनी अंध माणसाचे काय भले होते, हे आम्हांस कधी कळले नाही. डोळस माणसाला मात्र आपले डोळे शाबूत असल्याचे समाधान फुकटात मिळते.

'कीप ऑन कीपिंग ऑन' हा अमेरिकन माहितीपट याच जातीचा असावा, अशी समजूत त्याच्या जाहिरातीवरून होते. 'चालू ठेव, चालूच ठेव' असा काहीसा या नावाचा अर्थ. एक तरुण अंध पियानोवादक, त्याच्यावर माया करणारा एक थोर वृद्ध वादक आणि एक मोठी स्पर्धा, एवढे ऐकले की पुढचे आपण आपल्या मनाशी रचून मोकळे होतो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात हा चित्रपट प्रथम दाखवला गेला. त्याचे दिग्दर्शक ॲलन हिक्स यांना तेथे नवोदित माहितीपट-दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले आणि प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिकही याच चित्रपटाला गेले. इतके कौतुक झालेल्या कृतीबद्दल आता नव्याने काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आमच्या मते कौतुक झाले ते बरेचसे चुकीच्या गोष्टीचे. हा चित्रपट अंधत्वावर मात केल्याचा नाही. विद्या एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे कशी जाते आणि त्यासाठी दोघांना किती वेळ एकमेकांजवळ बसावे लागते, हे त्यात दाखवले आहे. जेथे तो हे दाखवतो तेथे तो फार मोठा आहे. जेथे विसरतो तेथे साधारण.

प्रथम माणसांची ओळख करून देतो. वृद्ध वादक म्हणजे क्लार्क टेरी. ट्रंपेट आणि त्याचेच जरा मऊ आवाजाचे भावंड फ्लूगलहॉर्न, ही त्यांची वाद्ये. जॅझ संगीत आमच्या कानावरून कधी गेले नाही, असे आपल्यातील वडीलधारी मंडळी म्हणतील. पण ते खरे नव्हे. सी. रामचंद्रांचा 'अलबेला' (१९५१) ज्यांनी पाहिला त्यांनी ट्रंपेट ऐकला आहे. रामचंद्रांच्या हाताखाली काम करणारे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, हे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणारे नामांकित वादक होते आणि त्या चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. १९६३ साली ड्यूक एलिंग्टन यांचा जगप्रसिद्ध वाद्यवृंद मुंबईस येऊन गेला. त्या वेळी टेरी त्यात नव्हते. आठ वर्षांच्या नोकरीनंतर १९५९ साली त्यांनी तो सोडला होता.

टेरींचा जन्म १९२० सालचा, मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरातला. अकरा भावंडांतले ते सातवे. घरची गरिबी. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी बागेला पाणी घालण्याच्या नळीचा तुकडा, एक नरसाळे आणि शिशाच्या नळीचा तुकडा जोडून स्वतःच आपला पहिला ट्रंपेट बनवला. त्यातून जो आवाज निघे तो ऐकून शेजारी इतके हैराण झाले, की त्यांनी वर्गणी काढून गहाणवटीच्या दुकानातून एक खरा ट्रंपेट पोराला आणून दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा बँड, १९४८ पासून काउंट बेसींचा वाद्यवृंद आणि १९५१ पासून एलिंग्टन यांचा. बेसींकडे आपले कॉलेज झाले आणि एलिंग्टन यांच्याकडे त्यापुढचे शिक्षण, अशा अर्थाचे ते नेहमी बोलत. १९६० साली एन.बी.सी. या रेडिओ-टेलिव्हिजन कंपनीने त्यांना पगारी वादक म्हणून घेतले. त्या कंपनीत अशा जागेवर आलेले ते पहिले काळे वादक. काळ्या माणसाने गोऱ्यांच्या नोकरीत पहिले असणे म्हणजे रोज परीक्षेला बसणे. एक चूक झाली तर ती एकट्याची राहत नाही, साऱ्या जातीच्या नावावर लिहिली जाते. नव्या देशात, नव्या कचेरीत पहिला पाऊल टाकणाऱ्या आपल्या माणसांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

शिकवण्याचा ध्यास त्यांना का लागला, त्याची एक गोष्ट ते सांगत. तरुणपणी त्यांनी एका जुन्या वादकाला विचारले, खालचे सूर नीट निघावेत म्हणून काय करावे? त्या गृहस्थाने सांगितले, आरशासमोर ताठ बस, दात आवळ आणि डावा कान हलव. पोरगा बिचारा खरोखरच कान हलवीत बसला! आपली भाकरी कोणी हिरावून घेईल या भीतीने जुने लोक नव्यांची अशी वाट चुकवीत. टेरींनी त्यातून उलटा धडा घेतला. आपल्याला जे येईल ते मागणाऱ्याला द्यावयाचे, काही राखून ठेवावयाचे नाही, हा त्यांचा नेम झाला. सेंट लुईसजवळ राहणाऱ्या शाळकरी माइल्स डेव्हिसला त्यांनी वाट दाखवली. सिअ‍ॅटल गावी क्विन्सी जोन्स नावाचे एक काळे पोर शाळेत जाण्यापूर्वी पहाटे त्यांच्या दाराशी येई. रात्रभर वाजवून दमलेले टेरी त्याला परत पाठवीत नसत. हे दोन्ही विद्यार्थी पुढे केवढे झाले ते जगाला ठाऊक आहे.

चित्रपटाच्या आरंभी टेरी एकोणनव्वद वर्षांचे आहेत. आर्कान्सा राज्यातील पाइन ब्लफ गावी पत्नी ग्वेनसह राहतात. मधुमेहाने देह पोखरला आहे. दृष्टी मंद होत चालली आहे. त्यांच्याकडे शिकावयास येतो तो जस्टिन कॉफ्लिन, वय वर्षे तेवीस. लहानपणी तो व्हायोलिन शिकला. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने अकराव्या वर्षी त्याची दृष्टी पूर्ण गेली आणि मग तो पियानोकडे आणि जॅझकडे वळला. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसन विद्यापीठात टेरी शिकवीत, तेथे गुरुशिष्यांची गाठ पडली. दिग्दर्शक हिक्सही त्याच विद्यापीठात ऑस्ट्रेलियाहून आलेला विद्यार्थी. तो ढोल वाजवी आणि पुढे टेरींच्या बँडमध्येही वाजवू लागला. चित्रपट काढण्याचा त्याला अनुभव नव्हता. हा त्याचा पहिलाच. चार-पाच वर्षे कॅमेरा घेऊन तो या घरात येत-जात राहिला. या घराला तो परका नव्हता, हे लक्षात ठेवावे. चित्रपटाचे गुण आणि दोष दोन्ही तेथूनच उगवले आहेत.

आता चित्रपटाच्या गाभ्याकडे येऊ. रात्र बरीच झाली आहे. टेरी अंथरुणावर पडलेले आहेत. नाकाला प्राणवायूची नळी. शेजारी जस्टिन बसला आहे आणि त्याची वाट दाखवणारी काळी कुत्री कँडी पायाशी पसरली आहे. टेरींच्या हातात वाद्य नाही. ते वाजवण्याचे दिवस सरले. ते तोंडाने म्हणतात: डूडल, डिडल, डूडल-डी. जस्टिन तसेच म्हणून दाखवतो. टेरी मान हलवतात. पुन्हा. अमुक अक्षरावर जरा थांब, तमुक अक्षर गिळून टाक. पुन्हा. मध्येच म्हातारा डोळे मिटतो. झोप लागली वाटेपर्यंत पुढची ओळ त्याच्या ओठांवर आलेली असते. पहाट होत येते, तरी दोघांपैकी कोणी आता पुरे म्हणत नाही.

ही अक्षरे म्हणजे पोरखेळ नव्हे. तबला शिकणाऱ्याला हात लावण्यापूर्वी धा, तिं, ना हे बोल तोंडाने म्हणावे लागतात, त्याच जातीची ही रीत आहे. ट्रंपेटमध्ये जीभ कशी फिरवावी, म्हणजे सूर एकमेकांत मिसळतील पण चिकटणार नाहीत, हे टेरी या अक्षरांतून शिकवीत. १९६४ साली ऑस्कर पीटरसन यांच्या संगतीने त्यांनी 'मंबल्स' नावाचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यात अर्थाचा एक शब्द नाही, नुसती तोंडातल्या तोंडात पुटपुट, आणि तरी ऐकणाऱ्याला वाटावे की कोणी गल्लीतली भानगड रंगवून सांगत आहे. लोकांनी ती गंमत म्हणून घेतली. पाइन ब्लफच्या त्या खोलीत कळते, की ती गंमत म्हणजे या माणसाची साठवलेली सारी विद्या होती. ट्रंपेट गेला, श्वास गेला, तरी बोल राहिले. आणि पियानोवाल्याने ते आपल्या बोटांत उतरवून घेतले.

या खोलीत जस्टिनच्या अंधत्वाला काय किंमत आहे? काहीच नाही. समोर कागद नाही, फळा नाही, लिहिलेली स्वरलिपी नाही. जे द्यावयाचे ते तोंडातून निघते आणि कानांत शिरते. डोळस विद्यार्थी असता तरी त्याला याहून अधिक काही मिळाले नसते. कदाचित कमीच मिळाले असते; त्याने वही काढली असती. आमच्या मते चित्रपटातील सर्वांत खरे विधान हेच आहे आणि ते कोणीही शब्दांनी करीत नाही.

उलट या खोलीत अंधाराचा अनुभव असलेला शहाणा माणूस शिष्य आहे. टेरींची दृष्टी अधू होत जाते तसा हा नव्वदीचा म्हातारा ज्या प्रदेशात शिरू लागतो, तेथे हा तरुण बारा वर्षे राहून आलेला आहे. संगीतात एक वडील, तर अंधारात दुसरा. दोघांची मैत्री या देवघेवीने घट्ट होते. येथे दया कोणाची कोणी करावी? अंधाला आधार देणारा डोळस हा नेहमीचा देखावा हिक्स दाखवीत नाही, यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ.

तसेच जॅझमध्ये अंध वादक होणे हा काही चमत्कार नव्हे. टोलीडो गावचे आर्ट टॅटम (१९०९ ते १९५६) यांना एका डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नसे आणि दुसऱ्याने अगदी थोडे. पियानोच्या यांत्रिक गुंडाळ्या आणि रेडिओ ऐकून ते असे तयार झाले, की भले भले वादक त्यांच्यासमोर वाजवावयास कचरत. लंडनचे जॉर्ज शिअरिंग जन्मांध होते. शिकागोचे लेनी ट्रिस्टानो बालपणी अंध झाले आणि पुढे नामांकित शिक्षक ठरले. मोठ्या वादकांचे ध्वनिमुद्रित तुकडे वाद्यावर काढण्यापूर्वी ते शिष्यांकडून गाऊन घेत. म्हणजे टेरींचीच रीत! आपल्याकडेही न्यू थिएटर्सचे अंध गायक के. सी. डे जुन्या मंडळींना आठवत असतील. त्यांचा डोळस पुतण्या मन्ना डे काकांपाशी बसून तयार झाला. कानाने चालणाऱ्या विद्येत डोळ्यांची उणीव ही अडचण असते, पण ती दारावरची शिळा नसते.

मग जस्टिनची खरी अडचण कोणती? चित्रपट प्रामाणिकपणे सांगतो: धास्ती आणि भाडे. चार लोकांपुढे बसला की त्याचे मन आखडते. खोलीत एकट्याने वाजवलेले व्यासपीठावर उतरत नाही. आणि न्यूयॉर्कमध्ये राहून वादनावर पोट भरत नाही, म्हणून तो व्हर्जिनियात आईबापांच्या घरी परत येतो. हे दोन्ही रोग डोळस कलावंतांनाही होतात. सामान बांधून घरी परतणारा शिकलासवरला मुलगा आणि त्याला काही न विचारता जेवावयास बसवणारी आई, हे दृश्य पाहण्यासाठी कोणाला अमेरिकेस जावे लागणार नाही. म्हणूनच 'अंधत्वावर मात' ही पाटी आम्हांस खटकते. अंधत्व हे काही त्याने हरवलेले प्रतिस्पर्धी पहेलवान नाही. ते त्याच्याबरोबर रोज राहते, कँडीसारखेच.

आता दोषांकडे वळतो. पहिला दोष स्पर्धेचा. त्या काळी थेलोनियस मंक यांच्या नावाने भरणारी जॅझ स्पर्धा अमेरिकेत फार मानाची होती. २०११ साली ती पियानोसाठी होती आणि जस्टिनची उपान्त्य फेरीसाठी निवड झाली. येथून चित्रपट घड्याळाकडे पाहू लागतो. किती दिवस उरले, तयारी झाली की नाही, होणार की नाही? जणू मुष्टियुद्धाचा सामना आहे! रात्रीच्या त्या खोलीत वेळाला काही अर्थ नव्हता. तेथून आम्हांस ओढून एकदम शर्यतीच्या मैदानावर उभे केले जाते. जस्टिन अंतिम फेरीत पोचत नाही. ही हार चित्रपटाने लपवली नाही, हे त्याचे मोठेपण. पण पराभवाला काही क्षण तसेच राहू देण्याचा धीर त्याला झाला नाही. इतके शिकूनही आपण तेथे कमी पडलो, तर मग शिकण्याला अर्थ काय? या प्रश्नावर विचार करावयास प्रेक्षकाला सवड हवी होती.

ती मिळत नाही, कारण मदतीला क्विन्सी जोन्स येतात. वृद्ध गुरूला भेटावयास हा जगप्रसिद्ध पहिला शिष्य येतो, तेथे शेवटच्या शिष्याचे वादन ऐकतो आणि त्याला आपल्याबरोबर मैफलींच्या दौऱ्यावर नेतो. हे खरोखर घडले आहे, त्यामुळे त्याला रचलेली कथा म्हणता येत नाही. एका गुरूचे दोन टोकांचे शिष्य एका खोलीत भेटतात, हे दृश्य मन हलवणारे आहे. परंतु हेच जोन्स या चित्रपटाचे एक निर्मातेही आहेत. पडद्यावरचा दाता आणि पडद्यामागचा धनी एकच असला म्हणजे परीक्षकाने दोन पावले मागे सरून पाहावे, हे बरे. त्यांच्या हेतूबद्दल आम्हांस शंका नाही. जन्मभर त्यांनी टेरींचे ऋण मानले. पण प्रेक्षकाच्या मनात जे राहते ते असे, की गुणी माणसाला अखेर कोणी तरी मोठा माणूस हात देतोच. ज्यांच्या दाराशी असा पाहुणा येत नाही त्या शेकडो जस्टिनांनी काय करावे, याचे उत्तर या शेवटात नाही. ते उत्तर आधीच, त्या रात्रींत, देऊन झाले होते: शिकावे, कारण शिकणे हेच मिळणे आहे.

दुसरा दोष ग्वेनबाईंच्या वाट्याचा. मधुमेहाच्या दुखण्यात टेरींचे पाय वाचवण्याची खटपट चालते, ती फसते आणि अखेर दोन्ही पाय कापावे लागतात. त्या निर्णयाचे प्रसंग हिक्सने आरडाओरडा न करता, अदबीने टिपले आहेत. त्या प्रत्येक प्रसंगात एक बाई उभी आहे. डॉक्टरांचे ऐकणारी, नवऱ्याला सांगणारी, औषध देणारी, पहाटे तीन वाजता शिकवणी चालली असताना घरात जागी असणारी. गुरूने रात्रभर शिकवावे म्हणून दिवसभर त्याचा देह कोणी सांभाळला? विद्यादानाच्या साऱ्या पुण्यात निम्मा वाटा या बाईचा आहे. चित्रपट तिच्याकडे प्रेमाने पाहतो, पण तिला बोलते फार थोडे करतो. घरचा माणूस कॅमेरा धरतो तेव्हा असे होते खरे. ज्या हाताचे आपण रोज जेवतो तो हात आपल्या नजरेस पडत नाही.

त्याच २०१४ साली दुसरा एक माहितीपट निघाला, ॲडम काहान यांचा, राहसान रोलंड कर्क या अंध वादकावर. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. कर्क बालपणी अंध झाला. तो एकाच वेळी तीन वाद्ये तोंडात धरून वाजवी. १९७० साली टेलिव्हिजनवर काळ्यांच्या संगीताला जागा मिळत नाही म्हणून त्याने सवंगड्यांसह चालू कार्यक्रमांत शिरून शिट्ट्या फुंकल्या आणि कामकाज बंद पाडले. १९७५ साली पक्षाघाताने अर्धे अंग गेले, तेव्हा वाद्यात फेरफार करून तो एका हाताने वाजवू लागला आणि १९७७ साली वारला, तोवर वाजवीत राहिला. कर्कला कोणाची कीव चालत नसे. त्याचा चित्रपट गर्जना करतो, हिक्सचा कुजबुजतो. संकटाशी झुंज पाहावयाची असेल तर कर्कचा पाहावा. पण आम्हांस दोहोंतून एक निवडावयास सांगितले, तर आम्ही कुजबूज निवडू. कारण झुंज दुरून पाहता येते. कुजबूज ऐकावयास जवळ जावे लागते.

आणि हेच आपल्या घरांना लागू पडते, म्हणून इतके लिहिले. लोद, अश्दोद, बेर शेवा, दिमोना, कोठेही जा. आपली नातवंडे देवनागरी वाचत नाहीत. मराठीच्या लिपीपुरती ती अंध आहेत, असे म्हटले तर राग मानू नये. यावर आपण उसासा टाकतो आणि 'आता आमच्याबरोबरच सारे संपणार' असे म्हणून मोकळे होतो. पण कान कोणाचे गेले आहेत? मेंदीच्या रात्री आपल्या बायका जी गाणी म्हणत, ती त्यांच्यातील कितीजणींनी पुस्तकातून घेतली होती? आईच्या मांडीवर, आजीच्या शेजारी, हजार वेळा ऐकून ती आली. म्हणी, उखाणे, कोकणातल्या गावांच्या गोष्टी, बिरड्याची उसळ कशी करावी हे ज्ञानही तसेच आले. लिपी गेली म्हणजे दार बंद झाले, हे टेरींच्या खोलीत खोटे ठरते. मात्र त्या खोलीची अट कडक आहे. म्हाताऱ्याने 'तुला काय कळणार' असे म्हणावयाचे नाही आणि तरुणाने घड्याळ पाहावयाचे नाही. आमच्या अनुभवाने पहिली अट पाळणे जड जाते. मुलाने एक शब्द वेडावाकडा उच्चारला की आपण हसतो, चार पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करतो आणि मग तो तोंड मिटून घेतो. जस्टिन चुकला तेव्हा टेरी हसले नाहीत. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. साऱ्या चित्रपटातून एवढे एक उचलले तरी पुष्कळ झाले.

क्लार्क टेरी २१ फेब्रुवारी २०१५ रोजी पाइन ब्लफ येथे वारले. त्याच वर्षी जस्टिनची 'डेडिकेशन' ही ध्वनिमुद्रिका क्विन्सी जोन्स यांच्या निर्मितीत निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जोन्सही गेले. आज चित्रपट पाहताना पडद्यावरचा पहिला शिष्य नाही, गुरू नाही. शेवटचा शिष्य आहे आणि त्याच्या बोटांत त्या दोघांनी ऐकलेले आणि ऐकवलेले बोल आहेत.

चित्रपट दीड तासाच्या आत संपतो. इंग्रजी बेताचे येत असले तरी अडचण पडत नाही. महत्त्वाचे सारे संभाषण 'डूडल-डिडल' या भाषेतच चालते. मुलांना घेऊन पाहावा. स्पर्धेचा भाग आला की चहा टाकावयास उठले तरी चालेल. पण रात्रीच्या शिकवणीच्या वेळी कोणी बोलू नये आणि दिवाही लावू नये. त्या वेळी पाहण्यापेक्षा ऐकण्याचेच काम अधिक आहे.